ठेवीदार खूश, कर्जदार नाखूश. मग ‘सरासरी ४.०५’ कुणाची?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)
आमच्याकडच्या (बेळगाव) एका सौहार्द, म्हणजे कर्नाटकाच्या सौहार्द सहकारी कायद्याखालच्या, पतसंस्थेने यंदा वार्षिक अहवालाच्या पहिल्याच पानावर ‘सभासद समाधान’ म्हणून एक आकडा छापलाय. पाच प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी गुण: काउंटरवरची वागणूक, व्याजदर, कर्जमंजुरीला लागणारा वेळ, पिग्मीची (एजंट रोज दारात येऊन गोळा करतो ती छोटी बचत) वसुली, शाखेतली सोय. गट तीन: ठेवीदार, कर्जदार, पिग्मीवाले. आणि सगळ्यांची मिळून एकच सरासरी.

खरे आकडे चव्हाट्यावर आणत नाही, सोयीचे घेतो. समजा ३०० ठेवीदारांची सरासरी ४.५, ६० कर्जदारांची २.५ आणि ४० पिग्मीवाल्यांची ३. सगळे फॉर्म एकत्र करून भागाकार केला तर ४.०५ येतात. तीन गटांच्या तीन सरासऱ्यांची सरासरी काढली तर ३.३३. फॉर्म तेच, गुण तेच, गणितही दोन्हीकडे बरोबर. पहिल्यात ठेवीदारांचा वाटा पाऊण आहे, दुसऱ्यात एक तृतीयांश, एवढाच फरक. हा वाटा ठरवला कुणी? कुणीच नाही. ज्यांनी जास्त फॉर्म भरले त्यांचा जास्त झाला.

माझं मत, असा एक आकडा छापूच नये. ठेवीवर व्याज जास्त हवं, कर्जावर कमी. व्याजदराच्या प्रश्नावर दोघांची मिळून सरासरी ३ आली, तर ते मत दोघांपैकी कुणाचंच नाही.

निवृत्त हिशेबनीस
पाच प्रश्न गुणिले तीन गट म्हणजे पंधरा आकडे. सभेत ते कोण वाचणार? लोक लाभांश किती ते बघतात आणि अहवालाची घडी घालून खिशात ठेवतात. एक आकडा असला की निदान गेल्या वर्षीशी ताडून बघता येतं.

आणि वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज चालत नाही म्हणता, मग एसएसएलसीला (आपल्या कर्नाटकातली दहावी) काय करतो आपण? भाषा, गणित, विज्ञान, समाज सगळं मिळून ६२५ पैकी गुण आणि एक टक्केवारी. त्यावरच पोरांना कॉलेजात प्रवेश मिळतो.

वडगाव_माग
काका, उदाहरण तुमच्यावरच उलटलं की! एसएसएलसीत पहिल्या भाषेला १२५ आणि बाकी पाच विषयांना शंभर-शंभर. म्हणजे कशाला किती वजन ते आधी ठरलेलं, छापलेलं, आणि परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. इथे ‘शाखेत पिण्याचं पाणी, बसायला जागा’ आणि ‘कर्जमंजुरीला लागणारा वेळ’ दोघांना सारखंच वजन. मागासाठी सूत घ्यायला कर्ज हवं असतं त्याला विचारा, दोन्ही सारखंच का ते.

काउंटरमागून
अशा फॉर्मची नोंद मी केली आहे (वरच्या संस्थेत नव्हे), म्हणून थोडं आतलं सांगते. वजनाचं पुढे बघू, मुळात रकान्यात काय भरलंय ते बघा. ज्याची पिग्मीच नाही तो पिग्मीचा प्रश्न सोडून देतो. एक जण तिथे काहीच टाकत नाही, दुसरा शून्य टाकतो. एक्सेल सरासरी काढताना रिकामा रकाना धरत नाही, शून्य मात्र धरतं. दहापैकी चौघांनी ४ दिले आणि सहा जणांना प्रश्न लागूच नाही, तर एकाच्या शीटवर सरासरी ४, दुसऱ्याच्या शीटवर १.६!

उलटा प्रश्न असला तर आणखी मजा. ‘कर्जासाठी वारंवार फेऱ्या माराव्या लागल्या’ याला ‘पूर्ण सहमत’ म्हणजे ५. ते उलटवून १ केले नाहीत तर जितक्या फेऱ्या जास्त तितका सभासद समाधानी. आणि खडेबाजारात एजंटच फॉर्म घेऊन समोर उभा असेल तर दुकानदार वसुलीला पाचाशिवाय काय देणार? उद्या परत तोच दारात यायचा असतो.

आकडेमोड
थोडा इतिहास. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पट्टी मानसशास्त्रज्ञ लिकर्टने १९३२ साली मांडली, आणि त्याने एकाच विषयावरच्या अनेक प्रश्नांच्या गुणांची बेरीजच केली होती. १९४६ मध्ये स्टीव्हन्स या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने मापनाचे प्रकार सांगितले. त्या हिशेबाने हे आकडे फक्त क्रम दाखवतात. २ ते ३ आणि ४ ते ५ ही अंतरं सारखी धरता येत नाहीत, म्हणून सरासरी नको, मध्यक (सगळे गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या. हा वाद अजून मिटलेला नाही. मी त्यात हिशेबनीसांच्या बाजूने आहे. एकाच गोष्टीबद्दलचे चार प्रश्न एकत्र केले तर एकट्या प्रश्नापेक्षा भरवशाचं मोजमाप मिळतं. पण ‘एकाच गोष्टीबद्दलचे’ ही अट विसरू नका.

गेल्या वर्षीशी तुलना मात्र जपून. समजा गेल्या वर्षी ३०० ठेवीदार ४.५ आणि १०० कर्जदार २.५, एकूण ४. यंदा २०० ठेवीदार ४.६ आणि २०० कर्जदार २.८, एकूण ३.७. दोन्ही गट आधीपेक्षा खूश, तरी एकूण आकडा घसरला, कारण कर्जदारांचे फॉर्म वाढले. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, त्याचा लेख १९५१चा. कर्जदारांना आवर्जून फॉर्म देणाऱ्या शाखाधिकाऱ्याला यात बोलणी बसतील.

खानापूरचा
आपण सीमाभागातले लोक ‘खेडं हा घटक’ म्हणत मोठे झालो. खेडं घटक धरून हद्द आखायचं पाटसकर सूत्र मान्य, सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल अमान्य, ते याचसाठी ना? जिल्ह्याची टक्केवारी लावली की गाव दिसेनासं होतं. आणि आपल्याच संस्थेचा अहवाल आला की सगळे गट एका आकड्यात कोंबायचे? हे काय बरोबर न्हवं.

निवृत्त हिशेबनीस
सीमाप्रश्न इथे आणू नका, तिथे हद्द आखायची होती. सहकारात एक सभासद, एक मत. शेअर कितीही असोत. मग प्रत्येक फॉर्मला सारखं वजन हेच सहकाराच्या तत्त्वाला धरून आहे. ६० कर्जदारांना ३०० ठेवीदारांइतकं वजन कुठल्या न्यायाने द्यायचं?

टिळकवाडीकर
मुद्दा पटला, अर्धा. ३.३३ वर मीही अडून बसत नाही. पण एक सभासद एक मत म्हणायचं तर मतदारयादी धरा की! शाखेत ठेवलेला फॉर्म ठेवीदार पावती नूतनीकरणाला आला की भरतो. हप्ता थकलेला कर्जदार शाखेच्या रस्त्यानेच जात नाही, तो फॉर्म कधी भरणार? सभासद नोंदवहीत समजा ठेवीदार निम्मे, कर्जदार ४० टक्के, पिग्मीवाले १० टक्के. त्या प्रमाणात वजन दिलं तर ३.५५ येतात. एक आकडा छापायचाच तर हा छापा, आणि खाली तिन्ही गट वेगळे, प्रत्येकापुढे किती फॉर्म आले ते.

वडगाव_माग
पिग्मीवाले बहुतेक नाममात्र सभासद, त्यांना मतदानाचा हक्कच नसतो. त्यांना धरायचं की नाही?

टिळकवाडीकर
समाधान विचारायला गेलात ना त्यांच्या दुकानात? मग धरा.

निवृत्त हिशेबनीस
नोंदवहीप्रमाणे वजन, याला माझी हरकत नाही. पण एक आकडा पहिल्या पानावर राहणारच. आणि मागणी लेखी द्या, सभेच्या आठ दिवस आधी. ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये काढलीत तर अध्यक्ष चहा मागवतील आणि आभारप्रदर्शन सुरू होईल.