मदत हवी आहे: केसमधून काढलेली ३ टीबी हार्ड डिस्क थेट साटावर (मदरबोर्डच्या डिस्क-जोडणीवर) लावल्यावर ‘रॉ’ (फाइल-व्यवस्था न ओळखलेली) दिसते

जुन्या एक्स्टर्नल ड्राइव्हच्या केसमधला यूएसबी बोर्ड जळाला आहे, आतली ३.५ इंची डिस्क मात्र ठणठणीत. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) ५ आणि १९७ (बदललेल्या आणि संशयित जागांचे आकडे) दोन्ही शून्य, खडखड नाही. डेस्कटॉपमध्ये जादा साठवणीसाठी तीच वापरायची आहे, पण आधी आतला डेटा काढायचाय.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क २७९४ जीबी (त्याच्या मोजणीत ३ टीबी म्हणजे तेवढेच), पार्टिशन मात्र ३४९ जीबी आणि ‘रॉ’. बरोबर आठवा हिस्सा! म्हणजे केसचा बोर्ड ४०९६ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे मोजणीचे तुकडे) दाखवत होता (एमबीआर ही पार्टिशन नोंदीची जुनी पद्धत असूनही २ टीबीची मर्यादा त्यामुळेच आड आली नाही), आणि थेट साटावर तेच आकडे ५१२ ने मोजले जातात. हेक्स एडिटरमध्ये सेक्टर २०४८ वर एनटीएफएसचा (विंडोजच्या फाइल-व्यवस्थेचा) बूट सेक्टर, म्हणजे पार्टिशनचा पहिला सेक्टर, स्पष्ट वाचता येतो, म्हणजे बोर्डाने एन्क्रिप्शन केलेलं नाही.

लिनक्स लाइव्ह यूएसबीवरून लॉसेटपला (डिस्क हव्या त्या सेक्टर साइजने दाखवणाऱ्या आज्ञेला) सेक्टर साइज ४०९६ देऊन, फक्त-वाचन ठेवून, पार्टिशन माउंट करायचा विचार आहे. मोठ्या एनटीएफएसवर हे कोणी केलंय का? की तसंच ४०९६ दाखवणारा डॉक (डिस्क बसवून यूएसबीला जोडायचा स्टँड) शोधावा? ३.५ इंचीला १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे नुसत्या यूएसबीवर चालणारी केबल सुचवू नका. ‘फॉरमॅट करायचं का?’ या विंडोजच्या प्रश्नाला अर्थातच ‘नाही’.

कॉपी झाल्यावर एमबीआरऐवजी जीपीटी (पार्टिशन नोंदीची नवी पद्धत) करून पूर्ण फॉरमॅट करणार. सहा-सात तास जातील, पण कच्चे सेक्टर तिथेच उघडे पडतात.