ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम? विंडोजच्या परवान्याबाबत सल्ला हवा

निळीशाई
माझ्याकडे सुटे भाग जोडून घेतलेला एक डेस्कटॉप आणि विंडोज ११ सह आलेला एक लॅपटॉप आहे. डेस्कटॉपचा मदरबोर्ड बदलल्यापासून विंडोज सक्रिय नसल्याची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात दिसते. लॅपटॉप जवळजवळ पडूनच असल्यामुळे त्याचा परवाना डेस्कटॉपवर नेता येईल का, आणि येत नसेल तर ओईएम (यंत्रासोबत येणारा), रिटेल (सुटा विकत मिळणारा) की व्हॉल्यूम (संस्थांना घाऊक दिला जाणारा), कोणत्या प्रकारचा घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझी हिशेबाची प्रणाली फक्त विंडोजवर चालते. खर्च फार तर विंडोजच्या होम या साध्या आवृत्तीच्या एका परवान्याइतका करता येईल.

टंकाळा
सरळ विंडोजची प्रो आवृत्ती घ्यावी. बिटलॉकरचे (डिस्क कूटबद्ध करण्याच्या सोयीचे) पूर्ण नियंत्रण, ग्रुप पॉलिसी (संगणकाचे नियम ठरवण्याची सोय) आणि बाहेरून रिमोट डेस्कटॉपने आपल्या संगणकात शिरण्याची सोय, यांपैकी काहीही होममध्ये मिळत नाही. माझ्या सर्व संगणकांवर प्रो आहे.

निळीशाई
यांपैकी कशाचीच मला गरज नाही, आणि खर्चाची मर्यादा वर लिहिलेली आहे.

दिवाभीत
स्वस्तातली व्हॉल्यूम की (सक्रिय करण्याचा सांकेतिक क्रमांक) चुकूनही घेऊ नये. मी ऑनलाइन घेतलेली की काही महिने उत्तम चालली, मग एके दिवशी सक्रियता गेली, आणि विक्रेत्याने तोवर दुकान गुंडाळले होते.

कोरडा_शेरा
त्यात नवल काहीच नाही. केएमएस या व्हॉल्यूम परवान्याच्या पद्धतीत संगणकाला संस्थेच्या सर्व्हरकडून मिळालेली सक्रियता १८० दिवसच टिकते आणि त्याआधी सर्व्हरशी पुन्हा संपर्क व्हावा लागतो. शिवाय डेस्कटॉप विंडोजचा व्हॉल्यूम परवाना हा मुळात अपग्रेडचा असतो. त्याखाली आधीचा पात्र परवाना असावाच लागतो. एखाद्या संस्थेच्या करारातील की सुटी विकत घेणाऱ्याच्या हाती परवाना येत नाही, नुसते आकडे आणि अक्षरे येतात.

पानगळ
एवढा खटाटोप कशासाठी? डेबियन ही लिनक्स प्रणाली टाका. लिनक्सला परवानाच लागत नाही.

कोरडा_शेरा
लागतो. लिनक्सचे कर्नल (प्रणालीचा गाभा) १९९२ पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. आपल्या घरी त्यात हवे ते बदल करावेत, कोणी विचारणार नाही. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला दिली की तिचा सोर्स कोडही (मूळ लिहिलेला प्रोग्रॅम) देणे बंधनकारक होते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या परवान्यात ही अट नाही, श्रेयाची आणि हमी नाकारल्याची सूचना कायम ठेवली की पुरते.

पानगळ
प्रश्नकर्ते कर्नल वाटायला निघालेले नाहीत.

सांधेजोड
मूळ प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले दिसत नाही. लॅपटॉपसोबत आलेला परवाना ओईएम असतो आणि तो त्याच यंत्राशी, व्यवहारात त्याच्या मदरबोर्डशी, बांधलेला असतो. विंडोज ८ पासून बहुतेक तयार यंत्रांत ती की फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच्या कायमच्या प्रणालीत) लिहिलेली असते. म्हणून तो डेस्कटॉपवर नेता येणार नाही. रिटेल परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. आपला प्रकार कोणता, हे पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’ लिहून जागा सोडावी, पुढे स्लॅश देऊन ‘डीएलआय’ लिहावे. उघडणाऱ्या खिडकीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम असा उल्लेख येतो. डेस्कटॉपवर रिटेल निघाले आणि परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेला असेल, तर सेटिंग्जमधील सक्रियतेच्या ट्रबलशूटरमधून ‘नुकतेच हार्डवेअर बदलले’ हा पर्याय निवडावा. काही विकत घेण्यापूर्वी हे करून पाहावे.

हिशेबनीस
+१. रिटेलच घ्यावे, ते दुसऱ्या यंत्रावर नेता येते. माझ्याकडे विंडोज ७ ची रिटेल की होती आणि तिच्यावर मी पुढच्या आवृत्त्याही फुकट चालवल्या.

कोरडा_शेरा
ती वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. आता कोणी जुन्या कीच्या भरवशावर राहू नये.

निळीशाई
सर्वांचे आभार. दोन्ही यंत्रांवर ती कमांड चालवली आणि दोन्हीकडे ओईएम निघाले. त्यामुळे मी काहीच विकत घेत नाही. डेस्कटॉपची एसएसडी (साठवणीची डिस्क) काढून, कोरी करून लॅपटॉपमध्ये बसवणार आहे. परवाना बोर्डाशी बांधलेला असल्याने डिस्क बदलली तरी विंडोज आपोआप सक्रिय होईल. डेस्कटॉपचा पडदा आणि कळफलक लॅपटॉपलाच जोडेन.

टंकाळा
डेस्कटॉप असताना कोणी लॅपटॉपवर हिशेब करते का?

सांधेजोड
पडदा मोठाच राहणार असेल तर काय बिघडले? फक्त एसएसडी अडीच इंची साटा (डबीसारखी) आहे की एम.२ (पट्टीसारखी), आणि लॅपटॉपमध्ये तशी जागा आहे का, हे यंत्र उघडण्याआधी पाहून घ्यावे.

हिशेबनीस
तरीही रिटेलच घ्यायला हवे होते.