७५ मायक्रॉनच्या जाळीतून गेलेला माल लेझरमध्ये १०८ कसा काय?

हिंगणा_क्यूसी
नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत एका लहान ग्राइंडिंग युनिटमध्ये क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, बघते. भंडाऱ्याकडचा कायनाइट नावाचा खनिज दगड दळून आम्ही रिफ्रॅक्टरीवाल्यांना, म्हणजे भट्टीच्या विटा बनवणाऱ्यांना, देतो. आमच्या ओल्या चाळणीत २०० मेशमधून, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या जाळीतून, ९८ टक्के माल जातो. पार्टीनं त्याच लॉटचं सॅम्पल लेझरवर, म्हणजे लेझरच्या प्रकाशानं कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर, लावलं, तर डी९० (ज्याच्या खाली ९० टक्के माल येतो तो आकार) आला १०८ मायक्रॉन. आता म्हणतात माल जाडा आहे, ट्रक परत न्या. चाळण नवीन आहे, जाळी भिंगाखाली पाहिली, कुठे ताणलेली नाही. साहेब विचारतात खरं कोण? काय सांगू त्यांना?

बुटीबोरी_पेंटवाला
लेझरवाल्यानं गुठळ्या फोडायला अल्ट्रासॉनिक कंपन दिलंच नसेल, गुठळ्या मोजल्या असतील. आमच्या टायटॅनियमचं (पेंटमधली टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर) नेहमी असंच होते. नाहीतर यंत्रात मालाचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक) भलताच टाकला असेल.

जुना_भिंगवाला
पेंटवाले भाऊ, तुमचं टायटॅनियम एका मायक्रॉनच्याही खाली असते, तिथे इंडेक्स चुकला की सगळंच चुकते. शंभराच्या आसपासच्या कणाला त्यानं फारसा फरक पडत नाही. गुठळ्या मात्र तपासून घ्याच, पाण्यात कण सुटे ठेवणारं सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट चिमूटभर टाकून.

पण पोरी, कायनाइट म्हटलं की मी आधी कणाचा आकार पाहतो. हा दगड लांबीच्या दिशेनं चाकूनं ओरखडतो आणि आडव्या दिशेनं चाकूला दाद देत नाही. दळला की लांबट, चपट्या पात्या पडतात. अशी एक पाती घे: २०० मायक्रॉन लांब, ७० रुंद, २५ जाड. आता हिला मोज.

चाळणीतून ती उभी निघून जाते. दिवाण दारातून नेतो तसं, लांबीला कोणी विचारत नाही. म्हणजे चाळणीच्या हिशेबी ही '७५ च्या आत'.

तिचं घनफळ साडेतीन लाख घन मायक्रॉन. तेवढ्याच घनफळाचा गोल केला तर व्यास ८७.

लेझरच्या सेलमध्ये ती पाण्यात गटांगळ्या खात फिरते, आणि यंत्राला दिसते ती मुख्यतः तिची सावली. सगळ्या बाजूंनी मिळून सरासरी सावली काढली (बहिर्गोल वस्तूसाठी ती पृष्ठफळाच्या चौथाई असते), तेवढ्या क्षेत्राचं वर्तुळ केलं, तर व्यास ११५. यंत्र प्रत्येक कण गोलच आहे असं धरून गणित करते, त्याला दुसरं येतच नाही.

काचपट्टीवर टाकली की ती आडवी पडणार. तिथे क्षेत्रावरून १३३, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ज्याला फेरे व्यास म्हणतात, तो २०० च्याही थोडा वर.

पाती एकच. तुझी चाळण खोटी नाही आणि त्यांचं लेझरही नाही. ऑर्डरमध्ये '२०० मेश' लिहून लेझरवर नापास करणं मात्र चूक. साहेबांना सांग, आधी ऑर्डरचा कागद काढा.

हिंगणा_क्यूसी
काका, कागद काढला. '२०० मेश, ९५ टक्के पास' एवढंच आहे, लेझरचं नावही नाही! पण कण खरंच पातीसारखे आहेत हे पार्टीला दाखवायचं कसं? आमच्याकडे साधा मायक्रोस्कोप आणि त्यावर कॅमेरा आहे. इमेजजे हे फोटोतून कण मोजायचं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं, तर सरासरी ९ मायक्रॉन दाखवते. हे तर तिसरंच काहीतरी.

जुना_भिंगवाला
ते कण मोजून काढलेलं सरासरी आहे, लेझरचं घनफळावर असते. १०० मायक्रॉनच्या एका कणात १० मायक्रॉनचे हजार कण मावतात. काचेवर धूळ जास्त दिसते म्हणून तुझं सरासरी खाली गेलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवूच नको.

आकारासाठी असं कर. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात सुईच्या टोकावर येईल एवढीच पावडर. कण एकमेकांना चिकटलेले नकोत. कूलर बंद कर, नाहीतर दमट हवेनं कोरडी पावडर बाटलीतच गोळा होते. आधी स्टेज मायक्रोमीटरचा (बारीक मोजपट्टी कोरलेल्या काचेचा) फोटो घेऊन स्केल बसव, त्यावर एक घर १० मायक्रॉनचं असते. फोटोच्या कडेला कापले गेलेले कण सोडून दे. आणि इमेजजेमधलं ते वॉटरशेड बटण दाबू नको. चिकटलेले कण वेगळे करायच्या नादात ते लांब पाती मधूनच तोडते आणि माल गोल दिसायला लागतो.

मग लांबी भागिले रुंदी पाहा. गोलाई म्हणून जो आकडा येतो तो ४ गुणिले पाय (π) गुणिले क्षेत्रफळ, भागिले परिघाचा वर्ग. वर्तुळाला १, चौकोनाला ०.७९, आपल्या पातीला ०.६०. पण मोजक्या पिक्सेलच्या बारीक कणांवर हा आकडा भरवशाचा नाही. तिथे कड पायऱ्यापायऱ्यांची होते आणि परीघ हवा तसा निघतो. मी तर असे बारीक कण मोजणीतून गाळूनच टाकतो.

एवढं करूनही पार्टी अडली, तर आयबीएमची (सरकारी इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची) खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा तुमच्या हिंगण्यातच आहे, तिथे चौकशी कर. तिसऱ्याचा कागद आला की आवाज खाली येतो.

बुटीबोरी_पेंटवाला
काका, मंग आमच्या मायकाचं, म्हणजे अभ्रकाचं, काय? लेझरवर ४० येते, पण पेंटमध्ये लॉटगणिक झाकणशक्ती वेगळी.

जुना_भिंगवाला
मायकात तर हे आणखी टोकाचं. लेझरचे ४० म्हणजे पापुद्र्याच्या पसाऱ्याचा अंदाज, जाडी त्यात जवळपास दिसतच नाही. एका लॉटचा पापुद्रा अर्धा मायक्रॉन आणि दुसऱ्याचा दोन असला तरी दोन्हींना ४० च येईल, पण किलोमागे पापुद्रे चौथाईच उरतील. जाडी पाहायची तर थोडी पावडर अरल्डाइट गोंदात कालवून घट्ट होऊ द्या, आडवा काप घासून पॉलिश करा आणि कडेनं उभे दिसणारे पापुद्रे मोजा. तिरपा कापला गेलेला पापुद्रा जाड दिसतो, म्हणून बारीक दिसतील त्यांच्यावर भरवसा ठेवा. एवढ्या पातळ जाडीला साधं भिंग पुरणार नाही, एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लागेल.