'जनरल स्टोअर'ला मराठीत काय म्हणायचं?

रानजाई
एका अनुवादात अडकले आहे, मदत करा. अमेरिकेत नेब्रास्का भागात १८७०-८० च्या सुमारास वसलेल्या शेतकरी कुटुंबांची पत्रं आहेत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर जमीन मिळवून माळावर राहायला आलेली माणसं. त्यांचं जवळचं 'गाव' म्हणजे एक दुकान, एक लोहार आणि एक चर्च. दर दुसऱ्या पत्रात कुणीतरी 'जनरल स्टोअर'मध्ये जातं.

मी तो शब्द तसाच ठेवला होता. संपादक म्हणाले, मराठी वाचकाला जनरल स्टोअर म्हटलं की पावडर, टिकल्या, वह्या-पेन्सिली आणि भेटवस्तू दिसतात. मला ते पटलं. पण 'किराणा दुकान' लिहिलं तर निम्मा माल गळतो. तिथे मीठ, साखर, कॉफी मिळायची, तसंच कापड, खिळे, कुऱ्हाडी, रॉकेल, बूट आणि औषधाच्या बाटल्याही. टपालही बहुतेक तिथेच.

दुसरा अडसर 'ड्राय गुड्स', म्हणजे तिथे मिळणारं कापड, सुईदोरा वगैरे. मी 'सुका माल' लिहिलं. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीला त्या डाळी वाटल्या. तिसरा अडसर असा की बायका अंडी आणि लोणी घेऊन दुकानात जातात आणि त्याच्या बदल्यात कापड आणतात. 'विनिमय' लिहिलं की पाठ्यपुस्तक वाचल्यासारखं वाटतं. सुचवा काहीतरी.

घाटमाथा
वाण्याचं दुकान. आमच्या गावात एकच दुकान होतं. त्यात गूळ, काड्यापेट्या, कंदिलाच्या काचा, दोरखंड, खिळे, वहाणा, शाळेच्या पाट्या, सगळं मिळायचं. आम्ही त्याला वाण्याचं दुकानच म्हणायचो. एकुलत्या एका दुकानाचं नाव मालावरून पडत नाही, मालकावरून पडतं.

रानजाई
आवडलं, पण वाणी म्हटलं की आपल्याकडे जात येते, तराजू आणि गादी येते. नेब्रास्कातला दुकानदार काल शेतकरी होता आणि उद्या दुकान विकून पुढे पश्चिमेला जाणारा. तो मला 'वाणी' वाटत नाही.

शब्दसखा
'सर्ववस्तू भांडार' म्हणावं. परका शब्द तसाच ठेवायचा आळस आपण किती दिवस करणार? आणि किराणा शब्दाला इतकं आखडू नका. माझ्या मते तो 'क्री' धातूवरून आला असणार, क्रय-विक्रयातला क्रय. म्हणजे मुळात जे जे विकत घ्यायचं ते सगळं किराणा. मूळ अर्थाला धरून 'किराणा दुकान' पूर्ण बरोबर आहे.

पळसफूल
मूळ अर्थ काहीही असो, आज माझ्या आईला किराण्याच्या दुकानात जा म्हटलं तर ती कुऱ्हाड आणणार नाही. शब्दाचा अर्थ वापरणारा ठरवतो. आणि 'सर्ववस्तू भांडार' ही सहकारी संस्थेची पाटी वाटते. त्या पत्रातली बाई असं बोलेल का?

आमच्या वऱ्हाडात अशा बारीकसारीक मालाला 'मनिहारी' म्हणतात. पुण्याकडे त्यालाच 'कटलरी' म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं. सासूबाई म्हणाल्या, कटलरीच्या दुकानातून केसांच्या पिना आण. मी सुऱ्या-चमचे शोधत फिरले होते.

मिसिसिपीकाठ
मी इलिनॉयमध्ये राहतो. इथून जवळ न्यू सेलम म्हणून एक गाव आहे, जुन्या जागेवर पुन्हा उभारलेलं. आई-बाबा आले की त्यांना तिथे नेतो. ओंडक्यांच्या भिंती, फळ्या ठोकून केलेला गल्ला, मागे फडताळात कापडाचे तागे. अब्राहम लिंकन १८३१ मध्ये या गावात आला तो दुकानातला नोकर म्हणून. पुढे बेरी नावाच्या भागीदाराबरोबर त्याने स्वतःचं दुकान काढलं. ते बुडालं. भागीदार वारला आणि सगळं कर्ज लिंकनच्या अंगावर आलं. ते फेडायला त्याला कित्येक वर्षं लागली. त्या कर्जाला तो 'राष्ट्रीय कर्ज' म्हणायचा.

१८३३ ते १८३६ तो तिथला पोस्टमास्तरही होता. तेव्हा तिकिटं नव्हती, ती १८४७ मध्ये आली. टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा भरायचा. त्यामुळे पत्र आलं की माणूस पैसे घेऊन यायचा आणि आलाच आहे तर मीठ-तंबाखूही न्यायचा. पुढे असंख्य खेड्यांत दुकानदारच पोस्टमास्तर असे. म्हणून मला 'दुकान' एवढंच पुरेसं वाटतं. इथल्या जुन्या बोलण्यातही नुसतं 'स्टोअर'च येतं. गावात दुसरं होतंच कुठे?

लिंकनने त्या दुकानाबद्दल लिहिलेला 'विंक्ड आउट' हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. दिवा डोळे मिचकावत विझतो त्याला जे क्रियापद लावतात, तेच त्याने दुकानाला लावलंय. मराठीत कसं आणाल?

रानजाई
'दुकान मालवलं.' आपण दिवा विझला म्हणत नाही, मालवला म्हणतो. दिवाळं निघालं म्हटलं तर त्यात बदनामी येते. मालवलं म्हटलं की नुसती हळहळ राहते.

'नुसतं दुकान' हा सल्ला मोलाचा आहे. पहिल्यांदा येईल तेव्हा एका वाक्यात आतला माल दाखवते आणि पुढे 'दुकान' एवढंच ठेवून बघते.

घाटमाथा
लिंकनने ते मालवलं नाही हो, त्याचं दुकान आपणहून विझलं. तिथे कर्ता दुकान आहे. मराठीत 'मालवणे' सकर्मक आहे, दिवा कुणीतरी मालवतं. 'विझलं' हेच बरोबर.

शब्दसखा
'दिवा मालवला' हे दोन्हीकडे चालतं. 'प्राणज्योत मालवली' म्हणतोच की. तिथे कोण मालवतं?

सातूचे_पीठ
'ड्राय गुड्स'साठी माझं मत 'कापडचोपड'. हा शब्द जणू त्यासाठीच बनलाय. तागे, सुईदोरा, बटणं, फिती, सगळं त्यात येतं. 'ड्राय' का म्हणत, यावर तिकडे बरेच तर्क आहेत. दारू-तेलासारख्या ओल्या मालापासून वेगळं काढायला म्हणून, हा त्यातला एक.

या कापडांची नावं आपल्याकडचीच आहेत, हे अनुवादात सोडू नका. कॅलिको म्हणजे कालिकतचं कापड. चिंट्झ म्हणजे आपलं चीट. आजी चिटाचं परकर-पोलकं म्हणायची. डोक्याला बांधायचा बँडाना 'बांधणे'वरून. आणि शेतकऱ्याची डंगरी म्हणजे मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं कापड. तुमच्या पत्रांतलं कॅलिको बहुधा तिकडच्याच गिरण्यांत छापलेलं असणार, पण नाव इथून गेलेलं. मी 'कॅलिको'च्या जागी बेधडक 'चीट' लिहीन.

पळसफूल
चीट? आजच्या वाचकाला ते फसवणूकच वाटणार.

सातूचे_पीठ
'चिटाचं' असं सामान्यरूप आलं की नाही वाटणार. 'सहा वार चीट' मधल्या 'वार'नेही संदर्भ कळतो. सोपा नाही म्हणून शब्द टाकून द्यायचा तर आजीचं अर्धं कपाट रिकामं होईल.

रानजाई
'कापडचोपड' घेतलं! आणि याच ओघात, घरी विणलेल्या-शिवलेल्या कपड्याच्या विरुद्ध 'दुकानातला कपडा' असा अभिमानाचा शब्द पत्रांत येतो. त्याला 'विकतचा' म्हणतेय. आपल्याकडेही 'विकतचं' एकेकाळी भारी होतं. आता 'घरचं' भारी झालंय.

अंड्यांचं मात्र राहिलंच.

घाटमाथा
'अंड्यांवर कापड आणलं.' आमच्याकडे 'दाण्यांवर भाजी घेतली' म्हणत. पायलीभर जोंधळे घेऊन बाई दारात बसायची आणि भाजीवाली मापाने भाजी द्यायची. 'वर' या दोन अक्षरांत विनिमय येतो. नाहीतर सरळ 'बलुतं' म्हणा, तिकडच्या लोहारालाही धान्यच देत असतील.

मिसिसिपीकाठ
'वर' अप्रतिम. 'बलुतं' मात्र नको, कळकळीने सांगतो. बलुतं पिढीजात असतं, जातीला बांधलेलं असतं, वर्षाच्या खळ्यावर ठरलेलं असतं आणि त्यात मान-अपमान असतात. इथे प्रत्येक अंड्याला भाव होता. दुकानदार वहीत अंड्यांची रक्कम जमा करायचा, कापडाची नावे टाकायचा आणि उरलेली शिल्लक बाईच्या खात्यावर राहायची. नाणं हातात येत नसलं तरी हिशेब डॉलर-सेंटचाच होता. म्हणजे वस्तुविनिमयही धड नव्हे. त्याच्या दोन वह्यांना आपल्याकडे नेमके शब्द आहेत, रोजच्या नोंदींची कीर्द आणि खातेवार खतावणी. ते वापरा, फार शोभतील.

पळसफूल
आणि ती अंडी बाईची असतात, हे विसरू नका. गहू-मक्याचे पैसे नवऱ्याचे, अंडी-लोण्याचे तिचे. माझी आजी कोंबड्यांच्या पैशांतून आम्हाला बांगड्या घ्यायची आणि आजोबा त्या पैशांबद्दल कधी विचारत नसत. 'अंड्यांवर' लिहाल तेव्हा 'तिच्या अंड्यांवर' लिहा.

सातूचे_पीठ
दुकानाची उधारी सगळीकडे इतकी सोज्वळ नव्हती. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेकडच्या कापूस पट्ट्यात हेच दुकान गळफास झालं. वाट्याने जमीन कसणारा, त्यातही नुकताच गुलामीतून सुटलेला कृष्णवर्णीय शेतकरी, पेरणीआधीच दुकानदाराकडून पीठ-मांस उचलायचा. तारण म्हणून न उगवलेलं पीक. रोखीचा भाव एक आणि उधारीचा त्याहून चढा. वर्षाअखेर कापूस घातला तरी नावे बाजू उरायचीच. तिथे 'दुकानदार' लिहून भागणार नाही, 'सावकार'च लिहावं लागेल.

त्याच युद्धाचा झटका आपल्यालाही बसला. तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा मुंबईत भाव कडाडले आणि १८६५ मध्ये कोसळले. दख्खनचा शेतकरी कर्जात रुतण्याच्या कारणांत हेही एक. पुढे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांचे कागद जाळले गेले.

शब्दसखा
विषय भरकटतोय. पण 'सावकार'ला माझी हरकत आहे. सावकार पैसा देतो, हा माल देत होता. 'उचल देणारा' म्हणा.

ओटीवरून
मला अजून फिरते विक्रेते आठवले. अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडकडे, पत्र्याच्या भांड्यांच्या गाड्या घेऊन पेडलर फिरायचे. कनेक्टिकटमधल्या बर्लिन गावात १७४० च्या सुमारास पॅटिसन भावंडांनी पत्र्याची भांडी करायला सुरुवात केली, तिथून हा धंदा पसरला. लोकांकडे रोख नसे, म्हणून भांड्यांच्या बदल्यात पेडलर जुन्या सुती-तागाच्या चिंध्या घ्यायचे. तेव्हा कागद चिंध्यांपासूनच व्हायचा, त्यामुळे चिंध्या कागदगिरणीत जायच्या. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण ही तर आपली बोहारीण!

आमच्या ओटीवर बोहारीण टोपली उतरवायची तेव्हा दुपार थांबायची. आई दोन साड्या पुढे करायची, ती उलटून-पालटून म्हणायची, अजून एक पँट घाल, मग पातेलं देते. शेवटी मधल्या आकाराच्या डब्यावर तडजोड. त्या डब्यात आजही माझ्याकडे साखर आहे. 'पेडलर'ला फेरीवाला म्हणू नका, फेरीवाला पैसे घेतो. 'बोहारी' म्हणा.

घाटमाथा
पण बोहारी तर भांडी-लोखंडाच्या दुकानाचा मालक, नाही का?

पळसफूल
आमच्याकडे तसा अर्थ नाही. आमची बोहारीण जरीच्या साडीला सगळ्यात मोठं भांडं द्यायची, जर वितळवून चांदी काढतात म्हणून.

मिसिसिपीकाठ
ही दुकानं पुढे कशामुळे खंगली तेही सांगतो, अनुवादाच्या टिपेत लागेल. टपालाने माल विकणाऱ्या माँटगोमेरी वॉर्ड कंपनीची पहिली मालयादी १८७२ मध्ये निघाली, एका कागदाची. १८९६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातून खेड्यात घरपोच टपाल सुरू झालं आणि १ जानेवारी १९१३ पासून पार्सलंही टपालाने घरी यायला लागली. दुकानदारांनी याला कडाडून विरोध केला. पत्र आणायला म्हणून दुकानात येणारा माणूस घरीच बसला, तेव्हा चुलीभोवतीचा घोळकाही विरळ झाला. हिवाळ्यात लोखंडी चुलीशी बिस्किटांच्या पिंपाभोवती बसून लोक चकाट्या पिटायचे. इंग्रजीत त्या पिंपावरून 'क्रॅकर-बॅरल' असं एक विशेषणच पडलंय, गावरान शहाणपणाच्या गप्पांसाठी.

रानजाई
'पारावरच्या गप्पा' लिहिलंय मी!

शब्दसखा
पार उघड्यावर असतो आणि त्याला वड-पिंपळ लागतो. नेब्रास्काच्या बर्फात पार कुठून आणणार? आणि 'पिंप' हाही पोर्तुगीज 'पिपा'वरून आलेला. तो चालत असेल तर मी काय बोलू.

रानजाई
चालतोच आहे, चारशे वर्षं. बरं, शेवटची अडचण. शेजारी जमून एका दिवसात कुणाचं तरी धान्याचं कोठार उभं करतात, बायका जमून गोधडी टाचतात, कणसं सोलतात. या सगळ्याला इंग्रजीत मधमाशीचा शब्द, 'बी', लावलाय. काही कोशकारांच्या मते तो मधमाशीचा नसून शेजाऱ्यांच्या मदतीसाठीच्या एका बोलीशब्दाचा अवशेष असावा. मी 'इर्जिक' लिहू का?

घाटमाथा
इर्जिकच! बैल-नांगर घेऊन सगळे एकाच्या शेतात उतरतात आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवण. हुबेहूब तेच.

सातूचे_पीठ
इर्जिक नांगरटीची, ती पुरुषांची आणि बैलांची. गोधडीला इर्जिक म्हटलं तर कानाला खटकतं. आमच्याकडे आळीपाळीच्या मदतीला 'सावड' म्हणतात. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे.

ओटीवरून
सासरी 'वारंगुळा' ऐकलाय. पण त्यात फेडीचा हिशेब आहे. कोठार बांधायला आलेला माणूस त्या दिवशी फेड मोजत होता का?

मिसिसिपीकाठ
उघडपणे नाही. पण जो कुणाकडेच जात नाही, त्याच्याकडे कुणी येत नसे. कणसं सोलताना ज्याला लाल कणीस सापडेल त्याला आवडत्या मुलीचा मुका घ्यायची मुभा असे, त्यामुळे तरुण मंडळी न बोलावताही यायची.

पळसफूल
आमच्याकडे बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला रात्री गल्लीतल्या सगळ्या बाया आमच्या पडवीत यायच्या. कंदील मध्ये, भोवती सुपं, आणि गाणी. दुसऱ्या रात्री दुसरीच्या घरी. त्याला इर्जिक नाही, सावड नाही, काहीच नाव नव्हतं. 'रात्री शेंगा फोडायला ये गं' एवढंच म्हणायचो. कुणाकडे त्याला शब्द असेल तर सांगा, मी आईला विचारलं, तिलाही आठवत नाही.