फॉरेन की लावल्यापासून डिलीट इतकं हळू का?

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ऑर्डर्स टेबलच्या ग्राहक-आयडीवर परवाच फॉरेन की (ऑर्डरमधला ग्राहक ग्राहकांच्या टेबलात असायलाच हवा, हे बंधन) लावली. त्याआधी ग्राहकच नसलेल्या २१४ ऑर्डरी निघाल्या. त्या एकेक निस्तरताना जीव मेटाकुटीला आला. आता एक ग्राहक उडवायला ४० सेकंद लागतात. ही फॉरेन की काढून टाकू का? मन धजत नाही.

— काढू नका! ऑर्डर्सच्या ग्राहक-आयडीवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) आहे का? मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी इंजिन तो आपणहून बनवतं, पोस्टग्रेस नाही. तो नसला की प्रत्येक डिलीटला, त्या ग्राहकाची ऑर्डर आहे का हे बघायला, ऑर्डर्सचं अख्खं टेबल चाळलं जातं.

— इंडेक्स 'कॉन्करंटली' बनवा, चालू नोंदी अडणार नाहीत. फॉरेन कीच्या 'कॅस्केड' पर्यायाच्या मोहात मात्र पडू नका, ग्राहकाबरोबर ऑर्डरीही जातील.

— इंडेक्स केला, डिलीट क्षणात होतंय! डिलीट अडवणारा 'रिस्ट्रिक्ट' पर्यायच ठेवलाय. ज्याच्या ऑर्डरी आहेत तो ग्राहक मला उडवू द्यायचाच नाहीये.