मदत हवी आहे: नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोबद्दल

मंडळी, जरा मदत करा ना. नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोवर (अमेरिकेतला अंगावर कवच असलेला सस्तन प्राणी) लिहितेय, आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) यादीत तो 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे नामशेष होण्याचा धोका सर्वात कमी असलेला, आहे आणि पटतंही, कारण 1850च्या आसपास मेक्सिकोच्या सीमेवरची रिओ ग्रांदे नदी ओलांडून टेक्सासात शिरला तो अजून उत्तरेकडे सरकतोच आहे, अंगावर चरबी फारशी नाही, थंडी सोसत नाही तरी. एकाच फलित अंड्यातून चार सारखी पिल्लं, काय कमाल! पण दचकला की सरळ वर उडी मारतो, आणि गाडी अंगावरून जाताना नेमकं तेच करतो बिचारा, गाडीच्या तळाला आपटून मरतो.

आता 2024 मध्ये जनुकं तपासून या एका जातीच्या चार जाती केल्यात. मग जुना दर्जा चारही जातींना तसाच लावायचा का? त्यातल्या दक्षिण अमेरिकेतल्या गयानाकडच्या जातीची मला फार काळजी वाटते. कुणी यावर काम केलंय का, प्लीज सांगा.