मदत हवी आहे: एम.ए. इतिहासच्या नवीन मुलांना रुळायला कशी मदत करावी?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एम.ए. इतिहास सेकंड इयरला आहे. यंदा फर्स्ट इयरला आलेली बरीच मुलं गावाकडची, बी.ए. मराठीतून केलेली, आणि इंग्लिश रीडिंग लिस्ट हातात पडली की पार गळूनच जातात. परवा लायब्ररीत एक मुलगी झेरॉक्स घेऊन बसलेली, पहिल्या पानावर पेन्सिलीने जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहिलेला आणि दुसरं पान कोरं. म्हणाली, दादा, मी सोडून देऊ का? फार वाईट वाटलं हो, कारण पानिपतावर बोलायला लागली की ऐकत राहावं अशी पोरगी आहे.

तर आम्ही तिघांनी ठरवलंय, दर शनिवारी तासभर बसायचं, एक लेख मिळून वाचायचा, चर्चा मराठीत. सुरुवात भाऊसाहेबांच्या बखरीपासून करावी म्हणतोय, म्हणजे तीच १७६१ ची पानिपतची लढाई बखरीत कशी येते आणि त्या काळच्या पत्रांत कशी, हे शेजारी ठेवून बघितलं की साधनांची चिकित्सा आपोआप कळेल. भारत इतिहास संशोधक मंडळातही एकदा घेऊन जायचंय.

आता विचारायचं हे की मोडी लिपी पहिल्या सेमिस्टरलाच सुरू करावी का? मला वाटतं हो, पेशवे दफ्तरातले रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) मोडीशिवाय उघडून उपयोग काय. पण आधीच घाबरलेल्या मुलांवर अजून एक ओझं नको असंही वाटतं. आणि तळटीपा द्यायला कसं शिकवलंत तुम्ही? कुणी असं काही चालवलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, या शनिवारी पहिली बैठक आहे.